सोलापुरातला अनुभव कॅनडात कसा मोजतात

‘आठ वर्षांचा अनुभव आहे, कॅनडाचं काम होईल का?’ म्हणजे तिथं कायमचं राहायला मिळेल का, असं बरेच जण विचारतात. नुसत्या वर्षांवरून याचं उत्तर देता येत नाही. चिंचोळी एमआयडीसीतली नोकरी पुण्या-मुंबईतल्या नोकरीपेक्षा हलकी धरत नाहीत. आपल्याकडे कमी पडतो तो कागद, आणि त्याआधी कामाचा कोड.

कॅनडात प्रत्येक कामाला पाच आकडी एनओसी कोड असतो (ही ना-हरकत नव्हे, तिथल्या सरकारची व्यवसायांची यादी). त्यातला डावीकडून दुसरा आकडा ०, १, २ किंवा ३ असेल तरच एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कुशल माणसांना गुणांवर निवडून कायम वास्तव्य देण्याच्या पद्धतीत, ते काम कुशल समजतात. यंत्रमाग कामगाराचा कोड ९४१३१. दुसरा आकडा ४, म्हणजे वीस वर्षं माग चालवला तरी या वाटेनं उपयोग नाही. त्याच शेडचा सुपरवायझर ९२०१५ मध्ये बसतो, तो चालतो. सीएनसीवर एकच ठरलेला जॉब पुन्हापुन्हा काढणारा ऑपरेटर ९४१०६ मध्ये जातो. ड्रॉइंग वाचून, माप राखून वेगवेगळे जॉब करणारा मशिनिस्ट ७२१०० मध्ये. पेढीवरच्या ‘अकाउंटंट’चंही तेच: नुसती बिलं चढवत असेल तर १४२००, ट्रायल बॅलन्सपर्यंत पुस्तकं स्वतः लिहीत असेल तर १२२००. व्हिजिटिंग कार्डावरचा हुद्दा कुणी विचारत नाही, रोजचं काम विचारतात.

मग तास. आठवड्याला ३० म्हणजे पूर्णवेळ, वर्षाला १,५६०. बारा तासांच्या पाळ्या केल्या तरी आठवड्याचे ३०च धरतात, त्यामुळे सहा महिन्यांत वर्ष उरकत नाही. दोन दुकानांत १५-१५ तास पगारी हिशेब लिहिले तर मात्र बेरीज होते. बिनपगारी इंटर्नशिप धरत नाहीत.

एक्स्प्रेस एंट्रीतल्या ‘फेडरल स्किल्ड वर्कर’ या प्रकारासाठी गेल्या १० वर्षांत, मुख्य कामाच्या एकाच कोडमध्ये, सलग एक वर्ष लागतं. बरेच जण अडकतात ते या ‘सलग’वर. एका कारखान्यात १० महिने, मग दोन महिने घरी, मग दुसरीकडे ११ महिने: बेरीज २१, पण पात्रता नाही. मध्ये खंड न पडता कारखाना बदलला तर हरकत नाही.

पात्रतेच्या १०० गुणांपैकी ६७ हवेत. त्यात अनुभवाचे एका वर्षाला ९, सहा किंवा जास्त वर्षांना १५. पण खरी चुरस पुढच्या सीआरएस गुणांची, म्हणजे पात्र ठरलेल्यांचा क्रम लावणाऱ्या गुणांची. तिथं कॅनडाबाहेरच्या अनुभवाला स्वतंत्र गुण नाहीत, भाषेच्या किंवा कॅनडातल्या अनुभवाच्या जोडीनंच मिळतात. इंग्रजी सीएलबी (भाषेची कॅनडाची मोजपट्टी) ९ असेल तर एक-दोन वर्षांना २५, तीन किंवा अधिक वर्षांना ५०. सीएलबी ७-८ वर हेच १३ आणि २५. म्हणजे चौथ्या वर्षापासून इथं काही वाढत नाही. तीन वर्षं झाली की सीएलबी ९ साठी आयईएलटीएस जनरल या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंग ८ आणि बाकी तिन्हींत ७ आणायच्या मागे लागावं. कॅनडात केलेल्या एका वर्षाला मात्र जोडीदाराशिवाय अर्ज करणाऱ्याला थेट ४० गुण. आणि २५ मार्च २०२५ पासून जॉब ऑफरचे सीआरएस गुण बंद आहेत, तेव्हा गुण वाढतील म्हणून ऑफर लेटर विकणाऱ्याला पैसे देऊ नका.

आता कागद. ‘सदर इसम आमच्याकडे कामास होते, वर्तणूक चांगली’ असा दाखला कुचकामी. लेटरहेडवर हुद्दा, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, वार्षिक पगार व इतर लाभ, रोजची कामं, आणि सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, संपर्क एवढं हवं. एनओसीच्या पानावरची वाक्यं जशीच्या तशी उतरवलीत तर शंका येते. मालकाला इंग्रजी मसुदा तयार करून द्या, पण त्यात तुमचं मशीन, तुमचं सॉफ्टवेअर, तुमच्या हाताखालची माणसं येऊ द्या.

रोख पगार ही आपल्याकडची दुखरी नस. वीसपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्यात पीएफ बहुधा नसतोच. त्यामुळे निदान आजपासून तरी पगार बँकेतून घ्या आणि आयकर रिटर्न भरा. पीएफ असेल तर पासबुकातली रुजू तारीख दाखल्याशी ताडून बघा. कधीकधी मालक पीएफ वर्षभर उशिरा सुरू करतो आणि दाखल्यावर खरी तारीख लिहितो. असा फरक असेल तर सोबत खुलाशाचं पत्र जोडा. तारीख ‘जुळवून’ घेऊ नका, खोटी माहिती पकडली गेली तर पाच वर्षांची बंदी आहे.

गुणांवर निवड होऊन अर्जाचं निमंत्रण आल्यावर अर्जाला ६० दिवस मिळतात, म्हणून दाखले आधीच गोळा करून ठेवा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र लागतं. घरच्यांनी केलेलं भाषांतर चालत नाही, भाऊ इंग्रजीचा प्राध्यापक असला तरी.