दोन स्वल्पविराम

रशियन कोर्टाच्या कागदांचं मी इंग्रजीत भाषांतर करते. जन्मदाखले, घटस्फोट, वारसाहक्काची भांडणं. हात आपोआप चालतो. त्या दिवशी वकीलबाईंनी पाठवलेलं निकालपत्र मात्र एका कादंबरीकाराचं होतं. गृहस्थ 2022 पासून देशाबाहेर. आश्रयाच्या अर्जाला जोडायचं म्हणून भाषांतर संध्याकाळपर्यंत हवं होतं. (नाव लिहीत नाही, त्यांची आई अजून तिकडेच आहे.)

वर ठरलेली ओळ, ‘रशियन फेडरेशनच्या नावाने’. खाली कलम 207.3, म्हणजे सैन्याबद्दल जाणूनबुजून खोटी माहिती पसरवणं. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर अवघ्या आठ दिवसांनी, 4 मार्च 2022 ला हे कलम आलं. रशियन कादंबरीकार दमित्री ग्लुखोव्स्कींना याच कलमाखाली 2023 मध्ये त्यांच्या गैरहजेरीत 8 वर्षं ठोठावली. दुसरे कादंबरीकार बोरिस अकुनिन लंडनला. त्यांच्यावरची कलमं वेगळी, 2025 मध्ये शिक्षा 14 वर्षं. आमच्या लेखकाच्या निकालातही ती नेहमीची ओळ होती: शिक्षा मोजायची ती आरोपी रशियात पकडला गेल्यापासून किंवा रशियाच्या ताब्यात दिल्यापासून. शिवाय वेबसाइट चालवायला बंदी. जो माणूस हातातच नाही त्याला ही बंदी कोण लावणार, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

या कलमात सगळा जोर ‘झावेदोमो’ या शब्दावर आहे. ‘जाणूनबुजून’. लिहिणाऱ्याला ते खोटं आहे हे ठाऊक होतं, असं सिद्ध करावं लागतं. कसं केलं? संरक्षण मंत्रालयाने वेगळं सांगितलं होतं, आरोपीने ते वाचायला हवं होतं, झालं सिद्ध.

मग भाषातज्ज्ञाचा अहवाल. वाक्य मत म्हणून लिहिलंय की वस्तुस्थिती म्हणून, हे तज्ज्ञाने ठरवायचं. या माणसाने लेखकाची एकच पोस्ट इतक्या बारकाईने वाचली होती की कुठल्या समीक्षकाने त्यांच्या कादंबऱ्या तशा वाचल्या असतील असं वाटत नाही. एक वाक्य होतं: ‘क्षेपणास्त्र ओचेविद्नो आपलंच होतं.’ शेरा: ठाम विधान. मी ‘उघडच’ अशा अर्थाचा शब्द टाकून पुढे गेले.

जेवण झाल्यावर परिशिष्टाला हात घातला. त्यात मूळ पोस्टचा फोटो. तेच वाक्य, पण ‘ओचेविद्नो’च्या अलीकडे-पलीकडे स्वल्पविराम. रशियन न येणाऱ्यांना हे सांगायला हवं: हा शब्द स्वल्पविरामांत बसला की ‘बहुधा’, ‘दिसतंय तरी असं’ असा मवाळ होतो. ते काढले की ‘उघडच आहे’. लेखकाने अंदाज लिहिला होता. टंकलिहिताना कुणाच्या तरी हातून ते गळले आणि अंदाजाचं विधान झालं. मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. आळस असावा. पण तज्ज्ञाच्या अख्ख्या परिच्छेदाचा डोलारा त्याच शब्दावर होता.

आता माझी पंचाईत. कोर्टाचा कागद मला सुधारता येत नाही. चूक असेल तर चुकीसकटच भाषांतर करायचं. शेवटी निकालात ‘उघडच’ ठेवलं, परिशिष्टात ‘बहुधा’, आणि चौकटी कंसात भाषांतरकाराची टीप दिली: ‘मूळ पोस्टमधील स्वल्पविराम निकालपत्रातील उद्धरणात गळला आहे, त्यामुळे अर्थ बदलतो.’

वकीलबाईंनी संध्याकाळी फोन केला, लेखकही लाइनवर होते. मला वाटलं, शिक्षेबद्दल काही विचारतील. त्यांनी टीप वाचून दाखवायला सांगितली. वाचली. पलीकडे जरा वेळ शांतता.

“गळला नाही, गळले,” ते म्हणाले. “दोन होते.”

मी फाईल पुन्हा उघडली आणि टीप दुरुस्त केली.