पट्टा कुठून सुरू होतो ते बघा

खानापूर, निपाणी, टिळकवाडी, कुठून कुठून मोबाईलवर फोटो येतात. भिंतीवरचा उड्या मारणारा कोळी, आणि खाली ठरलेला प्रश्न: सगळे सारखेच दिसतात, मग तुम्ही नाव कशावरून सांगता? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

मी आधी विचारतो, बसला कुठं होता? उन्हातल्या बाहेरच्या भिंतीवर, चपटा, करडा असेल तर बहुधा मेनेमेरस बायव्हिटॅटस. नराच्या पाठीवर मधोमध एकच काळा पट्टा असतो. मादी फिकट, तिच्या दोन्ही कडांना काळ्या रेघा, त्या मागं टोकाला एकमेकींना मिळतात.

घरात ट्यूबलाइटजवळ किडे टिपणारा काळा-पांढरा नर दिसला की खरी कसोटी लागते. प्लेक्सिपस पायकुली आणि प्लेक्सिपस पीटर्सी, दोघंही आपल्याकडं घरात राहतात. पायकुलीच्या डोक्यावरचा पांढरा पट्टा थेट पुढच्या डोळ्यांपर्यंत येतो. पीटर्सीचा डोळ्यांच्या मागं सुरू होतो. एवढ्याशा फरकासाठी मी पडवीत स्टुलावर चढून तासभर थांबलोय. कोळी वळून माझ्याकडं बघायचा, धाग्याचं टोक भिंतीला चिकटवायचा आणि मगच उडी घ्यायचा.

मुलुखावरून ओळखता येतं का, असंही विचारतात. घरातल्या कोळ्यांच्या बाबतीत फारसं नाही. पायकुलीचं वर्णन 1826 साली इजिप्तमधल्या नमुन्यांवरून झालं आणि आज तो जगभरच्या उष्ण भागांत माणसाच्या घरात सापडतो. रानातल्यांना मात्र मुलूख लागतो. जांबोटीच्या बाजूला झुडपाच्या पानावर पिवळसर अंगाची, पोटावर दोन लाल पट्टे असलेली मादी दिसली तर मी टेलामोनिया डिमिडिएटा म्हणतो, कारण ही जात दक्षिण आणि आग्नेय आशियातलीच. तिचा नर गडद, पांढऱ्या खुणांचा. पहिल्यांदा मी त्या दोघांची वहीत दोन वेगळ्या जाती म्हणून नोंद केली होती, आणि ती चूक कळायला दोन पावसाळे गेले.

फोटोवरून शंका उरली तर मी प्रजातीवर, म्हणजे नावातल्या पहिल्या शब्दावर थांबतो, जातीचं पूर्ण नाव सांगत नाही. पक्की खात्री हवी तर नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादांची आणि मादीच्या पोटाखालच्या जननांगाची रचना सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते.

परवा खानापूरहून एका ताईंचा फोटो आला, कोळी पाठमोरा. डोकं दिसेल असा वरून एक काढा म्हटलं. काल काढला त्यांनी. पट्टा डोळ्यांच्या मागंच थांबलेला.