ब्रशकटरचं इंजिन विमानावर चढवताना

मॉडेल विमानासाठी तयार इंजिन न घेता ब्रशकटरचं २५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन घेतलं, ते त्याच्या कार्ब्युरेटरसाठी. त्यात पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट नसतो, लवचीक पडदा म्हणजे डायफ्रॅम असतो. ब्रशकटर कसाही तिरका धरा, इंजिन चालतंच. मग विमान उलटं झालं तरी पेट्रोल पोचणारच. मिथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनांपेक्षा इंधनही खूप कमी लागतं.

क्लच, दोरीचा स्टार्टर, प्लास्टिकचं आवरण भराभर निघालं. खरा वेळ गेला फ्लायव्हीलवर. जड असलं तरी ते फेकता येत नाही, कारण मॅग्नेटोचं, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचं, चुंबक त्यातच असतं. हवा फेकणारी पाती मात्र नको होती, प्रोपेलर समोर असताना त्यांचं काम काय? ती लेथवर उतरवून घेतली. चुंबकाच्या समोरच्या बाजूला तोल साधणारं वजन असतं, त्याला हात लावू दिला नाही. फ्लायव्हीलला शाफ्टवर नेमक्या जागी धरणारी चावीही तशीच ठेवली. ठिणगी कधी पडणार हे तिच्यावरच ठरतं. परत बसवताना कॉइल आणि फ्लायव्हीलमध्ये ०.३ मिलिमीटरची फट ठेवली. व्हिजिटिंग कार्ड मध्ये सरकवून स्क्रू आवळले की काम होतं.

प्रोपेलरचा हब शाफ्टच्या आट्यांप्रमाणे करून घेतला आणि डायल गेज लावून तपासला. इथे जराही डगडग चालत नाही, बेअरिंग खाल्लं जातं. मॅग्नेटोचा रेडिओवर परिणाम होऊ नये म्हणून रिसीव्हर इंजिनापासून लांब ठेवला, थ्रॉटलची काडी नायलॉनची घेतली आणि इंजिन बंद करायचा स्विच बाहेर हाताशी काढला.

स्टार्टर गेल्यामुळे प्रोपेलर हातानेच फिरवायचा. मॅग्नेटोला वेग लागतो, हळू फिरवून ठिणगी पडत नाही. जाड चामडी हातमोजा घालूनच झटका द्यायचा, यात तडजोड नको.

१८ × ६ चा प्रोपेलर (१८ इंच व्यास, ६ इंच पिच म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकायचं अंतर) लावून पूर्ण थ्रॉटलवर एच सुई, म्हणजे जास्त वेगात किती पेट्रोल जावं ते ठरवणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू, हळूहळू बंद करत गेलो. फेरे सर्वांत जास्त झाले, तिथून सुई किंचित उघडली. या इंजिनाला तेल पेट्रोलमधूनच मिळतं. मिश्रण पातळ राहिलं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, तर पिस्टन जाम होतो. मग मित्राने विमान नाक वर करून घट्ट धरलं. इंजिन दमल्यासारखं झालं म्हणून सुई अजून थोडी उघडली आणि तेव्हा कुठे आवाज एकसारखा झाला.

नाक जड झालंच होतं. बॅटरी आणि सर्व्हो मागे सरकवून गुरुत्वमध्य जुळवला आणि विमान उडवलं. पहिल्याच उड्डाणात लूपच्या माथ्यावर, विमान उलटं असताना, इंजिनाने एकही ठोका चुकवला नाही.