पोटावरच्या टिकल्या

परळच्या एका मराठी शाळेत तिसरीच्या वर्गावर आम्ही एका कंपनीच्या मनगटी पट्ट्याचे नमुने घेऊन गेलो होतो, मुलांना तो कसा वाटतो ते बघायला. पाणी प्यायची वेळ झाली की पट्टा थरथरतो. पालकांच्या सह्या आधीच घेतल्या होत्या, तरी मुलांनाही विचारलं. एकाने मान हलवली, नको. त्याला साहित्य वाटायचं काम दिलं, गडी खूश.

कंपनीच्या आग्रहाखातर पाच चेहऱ्यांचा कागद बरोबर होता. आमच्या धंद्यात त्याला स्मायलिओमीटर म्हणतात. संशोधक जॅनेट रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो रूढ केला, आणि लहान मुलं त्यात बहुतेक वेळा सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यालाच गोल करतात हेही त्यांच्याच अभ्यासात दिसलं. इथेही तेच. घामाने मनगट लाल झालेल्या पोरानेसुद्धा ‘एकदम भारी’ला गोल केला. घरी आलेल्या पाहुण्याला नावं कोण ठेवणार?

माझी भिस्त होती ती खाकी कागदातून कापलेल्या मुलाच्या आकृतीवर आणि दादर मार्केटातून आणलेल्या टिकल्यांवर. टोचतं, खाजतं, नकोसं वाटतं तिथे टिकली लावायची. पेनाची खूण पुसत नाही. टिकली मात्र मन बदललं की उचलून दुसरीकडे लावता येते. आकृतीला चेहरा मुद्दाम ठेवला नव्हता, नाहीतर पोरं आधी तो हसरा करत बसतात.

मनगटावर टिकल्यांची गर्दी झाली, बक्कल टोचत होतं. एकाने गालावर लावली, कारण हातावर गाल टेकला की पट्टा रुततो. मागच्या बाकावरच्या मुलीने मात्र मनगट मोकळं सोडून सगळ्या टिकल्या पोटावर लावल्या.

“इथे का गं?”

“ते गुर्र करतं ना, मग पोटात गोळा येतो. बाई विचारतात, काय वाजतंय?”

शेजारच्याने लगेच आपली एक टिकली पोटावर सरकवली. मुलं एकमेकांचं बघून करतात, म्हणून बाकीच्यांना व्हरांड्यात एकेकटं विचारलं. बाईंची धास्ती बऱ्याच जणांना होती. ‘उद्या परत घालशील?’च्या तक्त्यात हो, बघू, नाही असे तीनच रकाने होते. त्या मुलीने खाली स्वतःच लिहिलं, ‘आजीकडे हो’.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरने विचारलं, “थरथर किती कमी करू?”

“कमी नको. शाळेच्या वेळेत बंदच ठेव.”

त्याने लिहून घेतलं. कंपनीच्या साहेबांनी एवढंच विचारलं, “आणि चेहऱ्यांचा स्कोअर?”

“जवळजवळ पाचपैकी पाच,” मी म्हणाले.