उत्तर येतं, कागदावर येत नाही

स्टाफरूममध्ये दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, "तोंडी विचारा, धडाधड सांगतो. लिहायला दिलं की पेपर कोरा. आळस, दुसरं काय!" यातला आळस सोडला तर बाकी सगळं खरं असतं. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं होतं. मुलगा चलाख, खेळात पुढे, गणितात ठीकठाक, वाचन मात्र जवळपास नाहीच. त्याच्या मास्तरांचं मतही त्यांनी नोंदवलंय: शिकवणं सगळं तोंडी असतं, तर शाळेत हाच सगळ्यात हुशार ठरला असता. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या मास्तरांना जे दिसलं, ते आमच्या स्टाफरूमला अजून दिसायचंय.

मी पाचवी ते सातवीला मराठी आणि गणित शिकवते. वर्गात अध्ययन अक्षमता असलेली, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडणारी मुलं असतात. काहींचं निदान झालेलं, बऱ्याच जणांचं नाही. त्यांच्या बाबतीत मी दोन कामं कटाक्षाने वेगळी ठेवते. वाचता-लिहिता येत नाही म्हणून बाकीचे विषय अडू द्यायचे नाहीत, हे एक. आणि वाचायला-लिहायला शिकवत राहायचं, हे दुसरं. पहिलं सुरू झालं की दुसरं बंद पडतं, हे मी फार पाहिलंय. लेखनिक मिळाला, जादा वेळ मिळाला, सगळे सुटले. मूल सोडून.

पहिल्या कामाला फारसं काही लागत नाही. प्रश्न काढताना मी स्वतःला विचारते, मला यात नक्की काय तपासायचंय? पाणी उकळल्यावर वाफ का होते हे विचारायचं असेल तर ते मुलाने तोंडी सांगितलं, आकृती काढून दाखवलं, तरी गुण पूर्ण. ऱ्हस्व-दीर्घ मी शुद्धलेखनाच्या चाचणीतच मोजते. फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावणं तर मी जवळपास बंदच केलंय. वर बघायचं, चार अक्षरं डोक्यात धरायची, खाली वाकून वहीतली ओळ शोधायची, पुन्हा वर बघून फळ्यावरची जागा शोधायची. यात जे मूल दमतं, त्याच्या कानावर माझं बोलणं पडतच नाही. त्यापेक्षा गाळलेल्या जागांची छापील टिपणं देते. सूचना एका वेळी एकच, आणि ती फळ्याच्या कोपऱ्यात तास संपेपर्यंत राहते. प्रकट वाचनात कुणालाही अचानक उभं करत नाही. कुणी कुठला परिच्छेद वाचायचा ते आदल्या दिवशी ठरतं.

आणि थांबणं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांमधली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, वर्गासमोर उभं राहून थांबून बघा!

दुसरं काम खरं चिवट. आपल्या लिपीत नियमितपणा भरपूर आहे, पण अडचणीच्या जागाही ठरलेल्या आहेत. घ-ध, म-भ, ब-व यांसारख्या सारख्या दिसणाऱ्या जोड्या मी एका आठवड्यात घेत नाही. एक पक्कं झाल्यावरच दुसरं. 'दिवस' लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चारात मात्र द आधी येतो. मग वहीत 'दविस' उमटतं. अशा मुलाला "दहा वेळा लिहून आण" म्हटलं तर तो दहा वेळा 'दविस' लिहून आणतो, आणि ते चांगलं पाठ होतं. त्याऐवजी आधी तोंडाने शब्द फोडायचा, दि-व-स, मग प्रत्येक तुकडा बोलत बोलत लिहायचा. अमेरिकन डॉक्टर सॅम्युअल ऑर्टन आणि शिक्षिका ॲना गिलिंगहॅम यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत १९३०च्या दशकापासून हेच सांगते: बघा, बोला, गिरवा, आणि सोप्याकडून अवघडाकडे क्रमाने जा. लोकांना त्यातली वाळूत बोट फिरवण्याची गंमत आवडते. मला विचाराल तर निम्म्याहून जास्त काम तो क्रमच करतो. रंगीत पारदर्शक कागद पानावर ठेवून वाचन सुधारतं म्हणतात, त्याला मात्र भक्कम पुरावा नाही. ते पैसे वाचवा.

गणितात आपल्या संख्यांची नावं आणखी घोळ घालतात. सत्तावीस ऐकलं की कानावर आधी सात पडतात, आणि मूल ७२ लिहून मोकळं होतं. म्हणून दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात देऊन, काही दिवस "दोन दशक सात" असंच बोलायचं. गेल्या वर्षी एका मुलीने ३६ गुणिले २४ चं उत्तर २१६ काढलं होतं. लाल फुली मारण्याआधी वही नीट बघितली. वरचे १४४ बरोबर. खाली ३६ दुणे ७२, तेही बरोबर. फक्त ते ७२ एक घर डावीकडे सरकायचे राहिले होते. तिला गुणाकार येत होता, रांग सांभाळता येत नव्हती. चौकटीची वही दिली, दशकाचा रकाना हिरवा रंगवायला सांगितला. ८६४ आले. पाढ्यांचा तक्ता तिच्याजवळ असतो. पाढ्यांचा सराव आम्ही वेगळा करतो.

"बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का?" हा प्रश्न ठरलेला. माझी छापील टिपणं, चौकटीची वही, तक्ता, सगळं टेबलावर उघडं असतं. हवं त्याने घ्यावं. ज्यांना गरज नसते ती दोन आठवड्यांत स्वतःहून घेणं सोडतात, आणि घेणारा एकटा पडत नाही.

पालकांना एवढंच सांगते की वरचं काहीही सुरू करायला निदानाचा कागद लागत नाही. तो लागतो परीक्षेतल्या सवलतींसाठी, आणि तो शेवटच्या क्षणी करू नका. जादा वेळ वापरायलाही सराव लागतो. मुख्य परीक्षेतच पहिल्यांदा तो मिळालेलं मूल अर्धा तास पेन फिरवत बसतं. माझ्याकडे साध्या घटक चाचणीपासूनच तो मिळतो, आणि त्या वेळात काय करायचं हेही ठरलेलं असतं: आधी राहिलेले प्रश्न, मग वेलांट्या.