मोठं विमान, मोठा पगार: तुम्ही विचारलंत म्हणून

"काम तर तेच ना? मग मोठ्या विमानाच्या कॅप्टनला जास्त पगार कशासाठी?" वैमानिकांच्या ट्रेनिंगची वेळापत्रकं लावण्याची नोकरी मी मुंबईत बरीच वर्षं केली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. मोठं विमान उडवणं अवघड असतं, असं उत्तर बहुतेकांना अपेक्षित असतं. तसं नाही. भर पावसात कोल्हापूरला एटीआर हे छोटं पंख्याचं विमान उतरवून त्याच दिवशी आणखी तीन-चार उड्डाणं करणारा कॅप्टन कसबात तसूभरही कमी नसतो. तरी त्याचा पगार कमी. त्याचं मूळ एका जुन्या भांडणात आहे.

अमेरिकेत एके काळी वैमानिकांना मैलामागे पैसे मिळत. 1933 मध्ये बोइंग 247 सारखी वेगवान विमानं आली आणि मोठ्या कंपन्या म्हणू लागल्या, आता तासावर पैसे देऊ. विमान वेगवान म्हणजे तेवढ्याच प्रवासाला तास कमी, म्हणजे वैमानिकाच्या हातात पैसेही कमी. 1931 मध्ये स्थापन झालेली त्यांची संघटना संपाच्या तयारीला लागली. मे 1934 मध्ये राष्ट्रीय कामगार मंडळाने जो निवाडा दिला, तो 'डिसिजन 83' म्हणून ओळखला जातो: मूळ पगार, विमानाच्या वेगाप्रमाणे तासाचा दर आणि वर मैलांचे पैसे. यंत्र जास्त काम करू लागलं तर त्यातला वाटा ते चालवणाऱ्यालाही मिळायला हवा, हा त्यामागचा विचार मला आजही पटतो. पुढे विमानाचं वजनही हिशेबात आलं. मोठ्या विमानाला मोठा दर ही रीत थोड्याफार फरकाने आज जगभर दिसते.

पण या रीतीचा एक खर्च आहे. बाहेरच्या माणसाला तो दिसत नाही, आमच्या विभागात मात्र रोज दिसायचा. पगार विमानाला बांधला की प्रत्येकाला पुढच्या विमानावर जायचं असतं. समजा, 65 पूर्ण झालेला बोइंग 777 या मोठ्या विमानाचा एक कॅप्टन निवृत्त झाला. त्याच्या जागी ए320 या मध्यम विमानाचा कॅप्टन जातो. त्याच्या खुर्चीत एक को-पायलट कमांड घेऊन, म्हणजे कॅप्टन होऊन, बसतो. त्या को-पायलटच्या जागी एटीआरवरचा कोणी येतो, आणि एटीआरला नवा मुलगा लागतो. निवृत्त एक झाला, ट्रेनिंगला चौघे बसले. विमानाचा प्रकार बदलला की टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवण्याची परवानगी, पुन्हा: आधी वर्ग, मग सिम्युलेटर (जमिनीवरचं नकली कॉकपिट), परीक्षा आणि शेवटी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली प्रवाशांसह उड्डाणं. यात महिने जातात. तेवढा काळ तो माणूस कंपनीसाठी एकही नेहमीचं उड्डाण करत नाही, पगार मात्र चालू असतो. शिकवणारा प्रशिक्षकही वैमानिकच असल्याने तोही रोजच्या उड्डाणांच्या वेळापत्रकातून निघतो. सिम्युलेटरचं भाडं सगळ्यांना दिसतं. माझ्या मते खरा खर्च या रिकाम्या खुर्च्यांचा आहे.

ताफा, म्हणजे कंपनीकडची विमानंच, बदलतो तेव्हा तर हे सगळं एकदम होतं. 2020 मध्ये कोविडच्या काळात डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीने जूनमध्ये एमडी-88 आणि एमडी-90, ऑक्टोबरअखेर 18 बोइंग 777 असे ताफेच्या ताफे बंद केले. 777 वर सगळ्यांत ज्येष्ठ, सगळ्यांत महाग लोक. ते दुसऱ्या विमानावर आले की तिथल्या धाकट्यांना ढकलतात, ते त्याखालच्यांना. विमानं उभी करायला एक दिवस पुरतो, माणसं हलवायला फार वेळ लागतो.

आपल्याकडचं सगळ्यांत कडू उदाहरण 2012 चं. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, पण वैमानिकांचे पगार आणि संघटना वेगळ्याच राहिल्या. 2011 मध्ये जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान पगारासाठी संप केला. पुढच्या वर्षी ड्रीमलायनर (बोइंग 787) हे नवं विमान येणार होतं, आणि त्याच्या ट्रेनिंगला दोन्हीकडचे वैमानिक पाठवायचे ठरले. तेव्हा जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी विरोध केला: हे विमान आमच्यासाठी मागवलेलं, आमची बढती अडेल. तो संप 58 दिवस चालला, आणि विमान तर अजून भारतात आलंही नव्हतं. दोन्ही बाजूंचे लोक मला चुकीचे वाटत नाहीत. सिम्युलेटरमधल्या जागेवर आयुष्यभराची कमाई ठरत असेल, तर माणूस त्या जागेसाठी भांडणारच.

ट्रेनिंगचा हा खर्च वाचवायला कंपन्या कुठवर जातात, त्याचं उदाहरण 737 मॅक्स, बोइंगच्या जुन्या 737 ची नवी आवृत्ती. बोइंगने साउथवेस्ट या अमेरिकी विमान कंपनीला कबूल केलं होतं की या विमानासाठी सिम्युलेटर ट्रेनिंग लागलं तर दर विमानामागे 10 लाख डॉलर कमी घेऊ. म्हणून जुन्या 737 वाल्यांना संगणकावरचा छोटा अभ्यासक्रम पुरेल, यावर सारा भर राहिला. 2018 आणि 2019 च्या दोन अपघातांत 346 माणसं गेली. विमानाचं नाक आपोआप खाली करणारी एक नवी यंत्रणा दोन्ही वेळा चुकीच्या वेळी चालू झाली, आणि तिच्याबद्दल वैमानिकांना नीट सांगितलेलंच नव्हतं. 2020 च्या अखेरीस विमान पुन्हा उडालं, तेव्हा सिम्युलेटर ट्रेनिंग सक्तीचं झालं होतं. ट्रेनिंगला कोणी नुसता 'खर्च' म्हटलं की मला हे आठवतं आणि राग येतो.

मग काय करावं? यूपीएस या अमेरिकी मालवाहू कंपनीकडे बघा. तिथे कॅप्टनचा दर एक आणि फर्स्ट ऑफिसरचा, म्हणजे को-पायलटचा, दर एक, त्यात नोकरीच्या वर्षांप्रमाणे वाढ, विमान कुठलंही असो. पैशासाठी विमान बदलण्याचं कारणच उरत नाही. मला हीच पद्धत न्याय्य वाटते. मोठ्या विमानातून होणारा फायदा सगळ्या वैमानिकांत वाटता येतो, 'डिसिजन 83' चा हेतू मोडत नाही.

आता मुलांना या क्षेत्रात पाठवणाऱ्या पालकांसाठी, कारण पुढचा प्रश्न त्यांचाच असतो: "टाइप रेटिंग ए320 चं घ्यावं की 737 चं?" नोकरीचं पत्र हातात नसेल तर कुठलंच नको. परवान्यावर आधीच मोठी रक्कम गेलेली असते, आणि वर पंधरा-वीस लाख घालून घेतलेलं रेटिंग एकाच प्रकारच्या विमानापुरतं उपयोगी पडतं. पत्र आलं की त्यात हमीचे तास (उड्डाण झालं नाही तरी महिन्याला जेवढ्या तासांचे पैसे मिळतातच) किती, ते आधी बघा. 2024 मध्ये एअर इंडियात विलीन होण्याआधी 'विस्तारा' या विमान कंपनीत हमीचे तास 70 वरून 40 वर आले, सर्वांत जास्त झळ फर्स्ट ऑफिसरांना बसली आणि उड्डाणं रद्द होईपर्यंत प्रकरण गेलं. ताफा बदलताना ट्रेनिंगला बसलात की घर त्या हमीच्या तासांवरच चालतं. आणि बाँड, म्हणजे नोकरी न सोडण्याचा करार, किती वर्षांचा, कंपनीनेच ताफा बदलला तर नव्या ट्रेनिंगचे पैसे कोण भरणार, हेही सही करण्याआधी लेखी मागा.