तिसरा ग्लास!
आज पहिल्यांदाच बिअरमधलं डायअसिटिल (चव बिघडवणारं एक रसायन) नुसत्या वासावरून ओळखलं! समोर चार ग्लास होते. तिसरा नाकाशी नेला आणि थेट लोण्याचा वास. घोट घेतला तर जिभेवर तोच तुपकट बुळबुळीतपणा. किती आनंद झाला म्हणून सांगू! बिअर आंबताना हे तयार होतं आणि पुरेसा वेळ दिला तर यीस्टच ते परत शोषून घेतं. घाई केली की दोष राहतो, हे मला फार आवडलं. डीएमएस या बिअरमधल्या दुसऱ्या दोषाचा उकडलेल्या मक्यासारखा वास मात्र अजून निसटतो. सर्टिफाइड सिसरोन, म्हणजे प्रमाणित बिअरतज्ज्ञ, व्हायला परीक्षेत एकूण ८० टक्के हवेत, शिवाय चवीच्या परीक्षेत ७०. उद्या सकाळी, काही खायच्या आधी, पुन्हा बसणार आहे.